विश्लेषण : अमेरिकेत इंटरनेट फोनच्या बिलावर एवढी शुल्के कशासाठी? राज्यांचा वाटा कसा ठरतो?

अमेरिकेत इंटरनेटवरून चालणाऱ्या घरच्या किंवा दुकानातल्या फोनचे मासिक भाडे जाहिरातीत २० डॉलर दिसते, पण महिनाअखेरीस येणारे बिल त्याहून बरेच मोठे असते. मधल्या फरकात बारीक अक्षरांतल्या चार-पाच ओळी असतात. केंद्रीय सार्वत्रिक सेवा निधी, राज्याचा अधिभार, ९११ शुल्क, नियामक वसुली शुल्क, प्रशासकीय शुल्क. यातले सरकारचे किती आणि कंपनीचे किती, हे तिथे वर्षानुवर्षे राहणाऱ्यांनाही सांगता येत नाही. या ओळींमागे वीस वर्षांहून जुना न्यायालयीन झगडा आहे. इंटरनेटवरून बोलणे म्हणजे 'टेलिफोन' आहे का, आणि असेल तर त्यावर शुल्क लावण्याचा हक्क वॉशिंग्टनचा की राज्यांचा, हा त्याचा विषय. दरम्यान ज्याच्याकडे अजून फोन क्रमांक आहे त्याचे बिल वाढत चालले आहे.

बिलावरची प्रत्येक ओळ म्हणजे कर असतो का?

नाही, आणि ग्राहकाची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. ढोबळमानाने या ओळी तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार खऱ्या करांचा. विक्रीकर किंवा ९११ या आपत्कालीन क्रमांकासाठीचे शुल्क कंपनी ग्राहकाकडून गोळा करते आणि सरकारजमा करते. दुसऱ्या प्रकारात कायद्याने देणे कंपनीवर असते, पण तिला ते ग्राहकाकडून वसूल करण्याची मुभा असते. सार्वत्रिक सेवा निधीची केंद्रीय वर्गणी यात मोडते. ती ग्राहकाच्या माथी मारलीच पाहिजे असा नियम नाही, पण जवळपास सगळ्या कंपन्या ती मारतात. वसुली मात्र ठरलेल्या दरापेक्षा जास्त करता येत नाही, एवढे बंधन आहे.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. 'नियामक वसुली शुल्क', 'अनुपालन शुल्क', 'प्रशासकीय शुल्क' अशी सरकारी थाटाची नावे असलेल्या ओळी बहुतेकदा कंपनीचा स्वतःचा खर्च असतो. वकील, हिशेबनीस, राज्याराज्यांत भरायची विवरणपत्रे, नियामकाला द्यावी लागणारी वार्षिक फी असा सगळा खर्च एका ओळीत टाकला जातो. ही रक्कम कोणत्याही सरकारने ठरवलेली नसते. हा खर्च भाड्यातच धरला तर जाहिरातीतला आकडा २० डॉलरचा राहणार नाही, म्हणून तो खाली उतरवला जातो. हॉटेलच्या बिलावर कराच्या शेजारी छापलेल्या 'सेवा शुल्का'ची गंमत आपल्याला माहीत आहेच.

राज्ये टेलिफोनवर शुल्क लावतात, हे कसे?

भारतीय वाचकाला हे थोडे विचित्र वाटेल. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत टपाल, तार, टेलिफोन हे विषय केंद्र सूचीत ३१व्या क्रमांकावर आहेत. परवाना केंद्राचा, नियामक (ट्राय) केंद्राचा आणि परवाना शुल्कही केंद्राचेच. महाराष्ट्राला मोबाइल कंपनीच्या कॉलवर शुल्क लावता येत नाही. फार तर टॉवरवर मालमत्ता कर. तोही 'टॉवर ही इमारत आहे' असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मान्य केल्यामुळे.

अमेरिकेत टेलिफोन जन्मापासून दोन धन्यांचा चाकर आहे. राज्याबाहेर जाणारे कॉल वॉशिंग्टनच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या (एफसीसी) हाताखाली आणि राज्यातल्या राज्यात होणारे कॉल त्या-त्या राज्याच्या 'सार्वजनिक उपयुक्तता आयोगा'च्या हाताखाली, अशी विभागणी १९३४ च्या कायद्यात आहे. हा आयोग म्हणजे साधारण आपल्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगासारखा. फरक एवढा, की विजेबरोबर गॅस, पाणी आणि टेलिफोनही त्याच्या अखत्यारीत असतात.

या आयोगांचा खर्च बहुधा ज्यांचे नियमन करायचे त्याच कंपन्यांकडून वसूल होतो. कॅलिफोर्नियात त्याला 'वापरकर्ता शुल्क' म्हणतात, फ्लोरिडात 'नियामक आकारणी शुल्क'. टेक्ससमध्ये एकूण महसुलाच्या एक टक्क्याचा सहावा भाग असा दर आहे, म्हणजे १०० डॉलरमागे जेमतेम १७ सेंट. खरी मोठी रक्कम आहे ती राज्यांच्या स्वतःच्या सार्वत्रिक सेवा निधीची. दुर्गम गावापर्यंत तार नेणे, गरिबांना सवलतीत फोन देणे, कर्णबधिरांसाठी संदेशसेवा, शाळा-ग्रंथालयांना जोडणी ही कामे या पैशातून होतात. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने केंद्रीय निधीला पाया दिला आणि राज्यांनाही स्वतःचे निधी उभारण्याची परवानगी दिली. अट एवढीच की राज्याने राज्यांतर्गत महसुलालाच हात लावावा.

तारेच्या फोनला ही वाटणी जमत होती. तार कुठल्या घरात गेली आहे ते ठाऊक होते आणि कॉल कुठून कुठे गेला तेही. इंटरनेट फोनने नेमका हाच आधार काढून घेतला.

व्होनेजची पेटी आणि मिनेसोटाचा दावा काय होता?

व्होनेज ही न्यू जर्सीत सुरू झालेली कंपनी. अमेरिकेतल्या भारतीय घरांना ती चांगली परिचयाची आहे. २००९ मध्ये तिने महिना २४.९९ डॉलरची 'व्होनेज वर्ल्ड' योजना आणली आणि भारतासह ६० हून अधिक देशांत अमर्याद बोलण्याची सोय दिली. कॉलिंग कार्डावरचे आकडे खरवडून, मिनिटे मोजत मुंबई-पुण्याला फोन करणाऱ्या पिढीला तो केवढा दिलासा होता, हे वेगळे सांगायला नको.

तिची सेवा म्हणजे एक छोटी पेटी. ती घरच्या इंटरनेटला जोडायची आणि तिला साधा फोन लावायचा. गंमत अशी की न्यू जर्सीचा क्रमांक असलेली ही पेटी उचलून टेक्ससला नेली तरी ती तशीच चालते आणि लंडनच्या वायफायवरही चालते. क्रमांकावरून माणूस कुठे आहे ते कळत नाही. मग कॉल 'राज्यांतर्गत' आहे की 'आंतरराज्य', हे कोण सांगणार?

२००३ मध्ये मिनेसोटाच्या आयोगाने व्होनेजला बजावले, की तुम्ही टेलिफोन सेवाच देता, तेव्हा परवाना घ्या, दरपत्रक सादर करा, ९११ ची व्यवस्था करा आणि त्याचे शुल्क भरा. कंपनी केंद्रीय न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००३ मध्ये न्यायाधीश मायकेल डेव्हिस यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. व्होनेज देते ती 'माहिती सेवा' आहे, 'दूरसंचार सेवा' नव्हे, त्यामुळे राज्याचे टेलिफोन कायदे तिला लागू होत नाहीत, असे त्यांनी म्हटले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००४ मध्ये, एफसीसीनेही मिनेसोटाचा आदेश निष्प्रभ ठरवला. कारण मात्र वेगळे दिले. या सेवेचा राज्यांतर्गत भाग वेगळा काढताच येत नाही, म्हणून राज्याने त्यात पडू नये. २००७ मध्ये आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने एफसीसीचा हा निर्णय उचलून धरला.

एका गोष्टीला एफसीसीने तेव्हा बगल दिली. ही सेवा 'दूरसंचार' की 'माहिती', याचे उत्तर तिने दिले नाही. ते उत्तर तेव्हाच मिळाले असते तर पुढचे बरेचसे खटले उभेच राहिले नसते.

मग सूट संपली कधी?

फेब्रुवारी २००५ मध्ये ह्यूस्टनमधल्या एका घरात सशस्त्र लुटारू शिरले. आई-वडिलांवर गोळ्या झाडल्या जात असताना किशोरवयीन मुलीने घरच्या इंटरनेट फोनवरून ९११ फिरवला. पलीकडून या फोनवर ही सेवा उपलब्ध नसल्याचा ध्वनिमुद्रित संदेश ऐकू आला. तिने शेजाऱ्यांकडे धाव घेतली. आई-वडील वाचले. पुढच्या महिन्यात टेक्ससचे तत्कालीन महाधिवक्ता ग्रेग अबॉट यांनी व्होनेजवर दावा दाखल केला. ९११ चालू करण्यासाठी ग्राहकाने स्वतः वेगळी नोंदणी करावी लागते, हे कंपनीने स्पष्ट सांगितले नाही, असा आरोप होता.

मे २००५ मध्ये एफसीसीने फोन क्रमांकाला जोडलेल्या सर्व इंटरनेट फोन कंपन्यांना १२० दिवसांत ९११ ची सोय करण्याचा आदेश दिला. ही खरी कलाटणी होती. जी सेवा 'टेलिफोन नाही' म्हणून मोकळी होती, तिच्यावर टेलिफोनची पहिली जबाबदारी आली, आणि जबाबदारी आली की तिचा खर्चही आला. जुलै २००८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदाच करून राज्यांना आणि स्थानिक संस्थांना इंटरनेट फोनवर ९११ शुल्क लावण्याची मोकळीक दिली. त्याला दोन अटी होत्या. हे शुल्क साध्या फोनपेक्षा जास्त नसावे आणि ते ९११ साठीच वापरले जावे. दुसऱ्या अटीचे काय झाले, ते पुढे पाहू.

६४.९ टक्के हा आकडा कुठून आला?

केंद्रीय सार्वत्रिक सेवा निधीची वर्गणी फक्त आंतरराज्य आणि आंतरराष्ट्रीय महसुलावर लागते. इंटरनेट फोनमध्ये तो वेगळा काढणे अवघड, म्हणून जून २००६ मध्ये एफसीसीने सोपा तोडगा काढला. ज्या कंपनीला नेमका हिशेब देता येत नाही तिने महसुलाचा ६४.९ टक्के भाग आंतरराज्य धरावा. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी कॉलचा अभ्यास करून आपला आकडा द्यावा.

बिलावर याचा परिणाम कसा होतो, ते २० डॉलरच्या भाड्यावर पाहू. ६४.९ टक्के म्हणजे १२.९८ डॉलर. एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीत केंद्रीय वर्गणीचा दर ३६.६ टक्के होता. म्हणजे या एका ओळीचेच ४.७५ डॉलर. उरलेल्या ३५.१ टक्क्यांचे, म्हणजे ७.०२ डॉलरचे काय? तो महसूल कुणाच्याच खात्यात नव्हता. राज्यांची नजर त्याच्यावर न गेली तरच नवल.

नेब्रास्का न्यायालयात हरले, पण शुल्क कसे लागले?

नेब्रास्का हे शेतीप्रधान, विरळ वस्तीचे राज्य. मैल-मैल अंतरावरच्या शेतघरांपर्यंत तार नेण्याचा खर्च भाड्यातून निघत नाही, त्यामुळे राज्याच्या निधीचे तिथे मोल आहे. तेव्हा राज्यांतर्गत महसुलावर ६.९५ टक्के अधिभार होता. तारेचे फोन कमी होत होते आणि इंटरनेट फोन वाढत होते. राज्याच्या आयोगाने म्हटले, की ६४.९ टक्के वॉशिंग्टनचे असतील तर उरलेले ३५.१ टक्के आमचे. त्यावर आमचा अधिभार भरा.

व्होनेज पुन्हा न्यायालयात गेली आणि जिंकली. विशेष म्हणजे या खटल्यात खुद्द एफसीसीने नेब्रास्काच्या बाजूने म्हणणे मांडले होते, आमच्या २००४ च्या निर्णयाचा अर्थ असा नव्हता म्हणून. मे २००९ मध्ये आठव्या सर्किट न्यायालयाने ते मानले नाही. तुम्हीच म्हणालात ना, की राज्यांतर्गत भाग वेगळा काढता येत नाही?

मग नेब्रास्का आणि कॅन्सस या दोन राज्यांनी थेट एफसीसीकडेच दाद मागितली. नोव्हेंबर २०१० मध्ये एफसीसीने स्पष्टीकरणाचा निर्णय दिला. पेटी कुठेही नेता येणारी सेवा असली तरी तिच्या राज्यांतर्गत महसुलावर राज्ये सार्वत्रिक सेवेची वर्गणी लावू शकतात. मात्र ती पूर्वलक्षी नसावी आणि एकाच महसुलावर दोन राज्यांनी हात मारू नये. राज्य कोणते, हे ग्राहकाच्या मुख्य वापराच्या किंवा बिलाच्या पत्त्यावरून ठरवावे.

म्हणजे परवाना मागता येत नाही, दर ठरवता येत नाही, पण वर्गणी घेता येते. 'नियमन नाही पण शुल्क आहे' असा हा तिढा तेव्हापासून तसाच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये चार्टर या केबल कंपनीच्या खटल्यात आठव्या सर्किटने सांगितले, की इंटरनेट फोन ही माहिती सेवाच आहे. यातला फोन तर घरातच बसवलेला, केबलवर चालणारा होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकायला नकार दिला. तिसाहून अधिक राज्यांनी स्वतःच कायदे करून आपल्या आयोगांचे हात बांधून घेतले. इंटरनेट फोनचे दर आणि दर्जा यांत आयोगाने लक्ष घालायचे नाही. वर्गणी आणि ९११ चे कलम मात्र बहुतेकांनी आठवणीने शाबूत ठेवले.

कॅलिफोर्नियाचा मार्ग वेगळा का?

कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये असाच हात बांधणारा कायदा केला होता, पण त्याची मुदत २०२० च्या सुरुवातीला संपली आणि ती वाढवली गेली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या आयोगाने इंटरनेट फोन कंपन्यांसाठी नोंदणी आणि परवान्याची वेगळी चौकट लागू केली. ठरावीक पत्त्यावर चालणारी सेवा आणि कुठेही नेता येणारी सेवा असा भेद त्यात आहे.

ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल त्याआधीच झाला होता. एप्रिल २०२३ पर्यंत कॅलिफोर्नियाचे सहा निधी राज्यांतर्गत महसुलाच्या टक्केवारीवर चालत. महसूल घटत गेला, कारण लोक बोलण्याऐवजी डेटा वापरू लागले आणि कंपन्या बिलाचा मोठा भाग डेटाच्या नावावर दाखवू लागल्या. मग आयोगाने टक्केवारी सोडून दिली आणि प्रत्येक जोडणीमागे महिन्याला १.११ डॉलर असा सरसकट अधिभार सुरू केला. तार, मोबाइल, इंटरनेट फोन, सगळ्यांना सारखाच.

यात सोपेपणा आहे, हे नाकारता येत नाही. कॉल कुठला आणि महसूल कुठला, हा वादच मिटतो. पण भार कुणावर सरकला ते पाहा. २० डॉलरच्या फोनचा राज्यांतर्गत वाटा ७.०२ डॉलर धरला तर १.११ म्हणजे त्याच्यावर जवळपास १६ टक्के. शंभर डॉलरच्या जोडणीवर हाच हिशेब सव्वातीन टक्क्यांच्या आत येतो. सवलतीच्या 'लाइफलाइन' योजनेतल्या गरीब ग्राहकांना अधिभारातून वगळले आहे. फटका बसतो तो त्यांच्या जरासे वर असलेल्यांना आणि चार-सहा क्रमांक ठेवणाऱ्या छोट्या दुकानांना. टी-मोबाइल समूहातल्या कंपन्यांनी या बदलाला न्यायालयात आव्हान दिले. २०२४ मध्ये नवव्या सर्किट न्यायालयाने त्यांना अंतरिम मनाई देण्यास नकार दिला.

दर ३६ टक्क्यांच्या पुढे कसा गेला?

२००० साली केंद्रीय वर्गणीचा दर सहा टक्क्यांच्या आत होता. निधीचा खर्च काही सहापट वाढलेला नाही. तो गेली अनेक वर्षे आठ-नऊ अब्ज डॉलरच्या आसपास आहे. आटला आहे तो ज्यावर वर्गणी लागते तो महसूल. ब्रॉडबँडच्या भाड्यावर ही वर्गणी नाही. व्हॉट्सॲपवर नाही. व्हिडीओ कॉलवर नाही. उरला तो 'फोन क्रमांकावरून बोलणे' एवढा आक्रसत चाललेला तुकडा. चाळीतली निम्मी घरे रिकामी झाली आणि पाण्याच्या पंपाचे बिल उरलेल्यांवर वाटले, तसा हा प्रकार आहे.

या निधीला घटनाबाह्य ठरवण्याचाही प्रयत्न झाला. कर लावण्याचा अधिकार काँग्रेसचा, तो एफसीसीला आणि तिच्या खासगी व्यवस्थापक संस्थेला कसा देता, असा आक्षेप होता. जुलै २०२४ मध्ये पाचव्या सर्किट न्यायालयाने तो मान्य केला. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. निकालपत्र न्यायमूर्ती एलेना केगन यांचे आहे. निधी वाचला, पण त्यातून दर कमी होत नाही. त्यासाठी ब्रॉडबँडला किंवा मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांना वर्गणीत ओढावे लागेल आणि ते काम काँग्रेसचे आहे.

व्हॉट्सॲपला शुल्क का नाही?

व्याख्येमुळे. ज्या इंटरनेट सेवेवरून साध्या फोन क्रमांकाला कॉल लावता येतो आणि साध्या फोनवरून तिच्यावर घेताही येतो, ती 'जोडलेली' सेवा. तिला सगळे लागू. व्हॉट्सॲपवरून व्हॉट्सॲपलाच बोलता येते, बँकेच्या लँडलाइनला नाही. त्यामुळे एडिसनमधल्या मुलीने सांगलीतल्या आईशी व्हॉट्सॲपवर तासभर गप्पा मारल्या तर निधीत एक सेंटही जात नाही. तोच कॉल तिने घरच्या फोनवरून केला तर वर्गणी लागते.

लहान कंपन्यांची अडचण काय?

दहा-वीस हजार ग्राहक असलेली इंटरनेट फोन कंपनी देशभर सेवा देऊ शकते, कारण तिला तारा टाकायच्या नसतात. पण ग्राहक ज्या ज्या राज्यात आहे तिथे नोंदणी, राज्य निधीचे विवरणपत्र, ९११ चे शुल्क, काही ठिकाणी किमान वार्षिक फी, हे सगळे आलेच. ९११ चा दर तर कित्येक राज्यांत जिल्ह्यागणिक बदलतो. एखाद्या राज्यात तिचे पाचच ग्राहक असले तरी कागदपत्रे पाच लाख ग्राहकांच्या कंपनीएवढीच भरावी लागतात. त्यासाठी बाहेरच्या अनुपालन संस्था नेमल्या जातात, आणि त्यांचे पैसे शेवटी 'नियामक वसुली शुल्क' या ओळीत येऊन बसतात. त्यामुळे ही ओळ म्हणजे निव्वळ लूट असते, असेही सरसकट म्हणता येत नाही. किती खर्च आणि किती नफा, हे कंपनी दाखवत नाही, हा खरा आक्षेप आहे.

९११ चे पैसे ९११ लाच जातात का?

सगळीकडे नाही. एफसीसी दरवर्षी काँग्रेसला याचा अहवाल देते आणि त्यात शुल्क दुसरीकडे वळवणारी म्हणून न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी ही नावे वारंवार आली आहेत. न्यू जर्सीत तारेच्या, मोबाइलच्या आणि इंटरनेटच्या प्रत्येक फोनमागे महिन्याला ९० सेंट घेतले जातात. वर्षाला ही रक्कम १२ कोटी डॉलरच्या आसपास जाते आणि तिचा मोठा वाटा राज्याच्या इतर खर्चात मुरतो. काउंटी आणि नगरपालिकांची कॉल केंद्रे प्रामुख्याने स्थानिक मालमत्ता करावर चालतात. म्हणजे घरमालक एकाच सेवेसाठी फोनच्या बिलातून पैसे देतो आणि घरपट्टीतूनही. एडिसन आणि आसपासच्या गावांत मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, तेव्हा हा हिशेब त्यांच्याही बिलात आहे. डिसेंबर २०२० मध्ये काँग्रेसने पैसे वळवण्याची व्याख्या कडक करण्याचे काम एफसीसीला दिले आणि २०२१ मध्ये तसे नियमही झाले. पैसे वळवणाऱ्या राज्याला ९११ च्या काही केंद्रीय अनुदानांवर आणि सल्लागार समित्यांवरच्या जागांवर पाणी सोडावे लागते. न्यू जर्सीच्या अंदाजपत्रकासाठी ती किंमत फार मोठी नाही.

भारतात काय स्थिती?

आपल्याकडे राज्यांचा प्रश्न नाही, पण 'कशावर शुल्क' हा प्रश्न तंतोतंत तोच आहे. दूरसंचार कंपन्या समायोजित एकूण महसुलाच्या (एजीआर) आठ टक्के परवाना शुल्क देतात. त्यातले पाच टक्के ग्रामीण जोडणीच्या निधीसाठी असतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीचे नाव 'डिजिटल भारत निधी' केले. आपल्या बिलावर त्याची वेगळी ओळ दिसत नाही. तो दरातच मिसळलेला असतो, वर १८ टक्के जीएसटी. महसूल म्हणजे काय, यावरचा वाद २४ ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गेला. भाडे, व्याज, भंगारविक्री हे सगळे महसुलात धरले गेले आणि कंपन्यांवर व्याज-दंडासह प्रचंड थकबाकी आली. २०२१ मध्ये सरकारने दूरसंचाराबाहेरचा महसूल पुढच्या काळासाठी वगळला.

इंटरनेटवरून फोन क्रमांकाला कॉल लावण्याची मुभा २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना मिळाली आणि त्या महसुलावर परवाना शुल्क आहेच. व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्रामवरच्या कॉलवर ते नाही. जुलै २०२३ मध्ये ट्रायने या सेवांच्या नियमनावर सल्लामसलतीचा कागद काढला, तेव्हा मोबाइल कंपन्यांची मागणी होती की आमच्या जाळ्यावर सर्वाधिक वाहतूक करणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी 'रास्त वाटा' द्यावा. इंटरनेट कंपन्यांचे उत्तर होते, की ग्राहक त्या वाहतुकीसाठी डेटा पॅकचे पैसे आधीच देतो. अमेरिकेतही ब्रॉडबँड कंपन्या आणि मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या हेच दोन मुद्दे घेऊन काँग्रेससमोर उभ्या आहेत. फरक इतकाच की तिथे निर्णय लांबला की त्याची किंमत दर तिमाहीला नव्या टक्केवारीने बिलावर छापून येते.